अंधेरी ते ट्रॉम्बे : अणुधाक आणि अणुसंयम यांच्या वाटेवर

भाभा अणुसंशोधन केंद्र मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, ट्रॉम्बेची टेकडी आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या पट्ट्यात वसले आहे. १९७४ आणि १९९८ या दोन्ही वर्षी पोखरणला झालेल्या चाचण्यांमागचे मुख्य अणुविज्ञान याच केंद्रात उभे राहिले. ‘अरिहंत’ या अणुपाणबुडीला शक्ती देणारी अणुभट्टीही इथल्याच शास्त्रज्ञांनी विकसित केली. अण्वस्त्रधारी देशांची अशी केंद्रे सहसा वस्तीपासून लांब असतात. अमेरिकेचे लॉस अलामोस न्यू मेक्सिकोच्या पठारावर आहे, तर रशियाचे सारोव्ह हे शहर कित्येक वर्षे नकाशावर दाखवलेच जात नव्हते. ट्रॉम्बे मात्र २०११ च्या जनगणनेनुसार ९३ लाखांहून अधिक वस्ती असलेल्या जिल्ह्यात आहे आणि केंद्राच्या वसाहतीपर्यंत बेस्टची बस जाते. अण्वस्त्रांचा धाक कसा उभा राहतो, त्याला लगाम कोणते आणि नवे तंत्रज्ञान ते लगाम कुठे सैल करते, हे समजून घ्यायला उपनगरांतली ही वाट उपयोगी पडते.

वाटेची आखणी

अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे या जिल्ह्याचे तीन तालुके. घाटकोपर, मुलुंड आणि ट्रॉम्बे कुर्ला तालुक्यात येतात. बोरिवलीकडून येणाऱ्याने पश्चिम रेल्वेने अंधेरीला उतरून मेट्रोने घाटकोपर गाठावे. मुलुंडकडून येणाऱ्याला पूर्व द्रुतगती मार्ग भांडुप, कांजूरमार्ग आणि विक्रोळीवरून घाटकोपरला आणतो. तिथून घाटकोपर–मानखुर्द जोडरस्ता गोवंडी आणि देवनारच्या कडेने मानखुर्दला पोचतो. पुढे अणुशक्तीनगर, चित्ता कॅम्प आणि शेवटी ट्रॉम्बे गावाचा कोळीवाडा. भाभा केंद्राच्या आत परवानगीशिवाय कोणालाही प्रवेश नाही आणि कुंपणालगत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. त्यामुळे हा प्रवास कुंपणाबाहेरचाच. तरीही बघण्यासारखे आणि विचार करण्यासारखे त्यात पुष्कळ आहे.

अंधेरी, पवई, विक्रोळी : दुहेरी उपयोगाची कारखानदारी

वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो ८ जून २०१४ रोजी सुरू झाली. सव्वाअकरा किलोमीटरच्या आसपासचा हा मार्ग बारा स्थानकांचा आहे. अंधेरीहून निघालेली गाडी चकाला, मरोळ नाका आणि साकी नाका ओलांडते तेव्हा खाली लहान-मोठ्या कारखान्यांची आणि गोदामांची दाटी दिसते. उत्तरेला सीप्झ हे १९७३ साली स्थापन झालेले निर्यातक्षेत्र आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्यातीसाठी त्याची सुरुवात झाली, पुढे हिऱ्यांचा आणि संगणकप्रणालींचा व्यवसायही तिथे वाढला. त्याच्या पूर्वेला पवईत आयआयटी मुंबई आहे. युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत साहाय्यावर १९५८ साली तिचे अध्यापन सुरू झाले. शेजारी लार्सन अँड टुब्रोचा परिसर आहे. या कंपनीने अणुवीज केंद्रांसाठी अवजड यंत्रसामग्री बनवली. विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यांत अवकाश अग्निबाणांची इंजिने आणि ब्राह्मोस क्षेपणास्त्राच्या सांगाड्याचे भाग तयार होतात.

शस्त्रनियंत्रणातला सर्वांत अवघड प्रश्न या पट्ट्यात समोर येतो. उत्तम पोलाद, अचूक कातकाम, कंपन मोजणारी उपकरणे, वेगवान संगणक यांचा उपयोग वीज केंद्राला होतो, रुग्णालयाला होतो आणि क्षेपणास्त्रालाही होतो. वस्तू तीच, हेतू मात्र वेगळा. म्हणून जगात निर्यातीवर नियंत्रण ठेवणारे गट तयार झाले. त्यांतला अणुपुरवठादार देशांचा गट भारताच्या १९७४ च्या चाचणीनंतरच जन्माला आला. १९९८ च्या चाचण्यांनंतर अमेरिकेने भाभा केंद्राला निर्बंधांच्या यादीत घातले आणि साधी प्रयोगशाळेतली उपकरणे मिळवणेही कठीण झाले. ते नाव जानेवारी २०२५ मध्ये त्या यादीतून काढण्यात आले. दरम्यान भारताने स्वतःचेही नियम कडक केले. २००५ साली सर्वसंहारक शस्त्रांविषयीचा कायदा संमत झाला. २०१६ साली क्षेपणास्त्र तंत्रज्ञान नियंत्रण व्यवस्थेत, २०१७ साली वासेनार व्यवस्थेत आणि २०१८ साली ऑस्ट्रेलिया गटात भारताला प्रवेश मिळाला. अणुपुरवठादार गटाचे सदस्यत्व मात्र अजून मिळालेले नाही.

संगणकप्रणालीला आणि कृत्रिम बुद्धिमत्तेला हे जुने नियम पुरे पडत नाहीत. कातयंत्र बंदरावर अडवता येते. प्रणाली तारेवरून क्षणात सीमेपार जाते. सीप्झमधल्या किंवा पवईतल्या एखाद्या चमूने उपग्रहचित्रे ओळखण्यासाठी लिहिलेली प्रणाली पिकांची पाहणी करू शकते आणि फिरत्या क्षेपणास्त्रवाहनांचा मागही काढू शकते. अण्वस्त्रे लपून राहतात या भरवशावर प्रतिहल्ल्याची क्षमता टिकते. ती लपण्याची जागाच अशा प्रणालींमुळे आकसते.

घाटकोपर ते मानखुर्द : दाट वस्तीचा पट्टा

असल्फ्याच्या टेकडीवर चढत गेलेली रंगीत घरे मागे टाकून मेट्रो घाटकोपरला संपते. पश्चिमेला नौदलाचे साहित्य भांडार आहे. पूर्वेला बाहेर पडून जोडरस्त्याला लागले की वस्ती आणखी दाट होत जाते. डाव्या हाताला देवनारच्या कचराभूमीचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याशी गोवंडी–शिवाजीनगरच्या वस्त्या. उजवीकडे चेंबूरच्या पलीकडे माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने, राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा खतकारखाना आणि टाटांचे ट्रॉम्बे औष्णिक वीज केंद्र. शहराचे इंधन, वीज, खत आणि अणुसंशोधन अशा सगळ्या गोष्टी काही किलोमीटरच्या परिघात एकवटल्या आहेत.

१९५४ साली ट्रॉम्बेची निवड झाली तेव्हा हा भाग शहराबाहेरचा होता. एका बाजूला सुमारे ३०० मीटर उंचीची टेकडी, दुसऱ्या बाजूला खाडी आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेपासून फार लांब नसलेले अंतर ही होमी भाभांच्या दृष्टीने सोय होती. पुढे शहर वाढत टेकडीपर्यंत आले. आज या केंद्रावरचा हल्ला किंवा इथला मोठा अपघात ही लाखो नागरिकांच्या जिवाची गोष्ट आहे.

याच भीतीतून भारत–पाकिस्तान संबंधांतला एक अत्यंत टिकाऊ करार झाला. १९८१ साली इस्राएलने इराकची ओसिराक अणुभट्टी विमानांनी उद्ध्वस्त केली. त्यानंतर पाकिस्तानच्या कहुटा अणुकेंद्रावर भारत आणि ट्रॉम्बेवर पाकिस्तान असाच हल्ला करील, अशी शंका दोन्हीकडे बळावली. राजीव गांधी आणि बेनझीर भुत्तो यांच्या उपस्थितीत ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादला एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार झाला. तो २७ जानेवारी १९९१ पासून लागू झाला. वीजभट्ट्या, संशोधनभट्ट्या, इंधननिर्मिती आणि पुनर्प्रक्रिया अशा सगळ्या प्रकारच्या प्रकल्पांना त्याचे संरक्षण आहे. ट्रॉम्बेत जे चालते ते बहुतेक या व्याख्येत बसते. दर वर्षी १ जानेवारीला दोन्ही देश आपल्या प्रकल्पांच्या याद्या एकमेकांना देतात. पहिली देवाणघेवाण १९९२ साली झाली. कारगिलच्या युद्धानंतरच्या जानेवारीत ती झाली. संसदेवरील हल्ल्यानंतर सैन्ये सीमेवर समोरासमोर उभी असताना २००२ च्या जानेवारीतही झाली. त्या याद्यांवर कोणी सभा घेत नाही. पण गोवंडीच्या माणसाचे रक्षण करणाऱ्या कागदांत त्यांची गणना वरची आहे.

अणुशक्तीनगर : वसाहत आणि कार्यालये

मानखुर्द स्थानकाच्या दक्षिणेला अणुशक्तीनगर सुरू होते. अणुऊर्जा विभागाच्या कर्मचाऱ्यांसाठी वसवलेल्या या नगरात उंच इमारती, शाळा, रुग्णालय आणि झाडांनी भरलेले रस्ते आहेत. आजूबाजूच्या दाटीतून इथे आल्यावर मोकळी हवा जाणवते. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियामक भवन आणि न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनचे नाभिकीय ऊर्जा भवन इथेच आहे. मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. देशातल्या अणुशास्त्रज्ञांच्या पिढ्या घडवणारे प्रशिक्षण विद्यालय १९५७ पासून ट्रॉम्बेत चालते. अनिल काकोडकर त्यांपैकीच एक. रुपारेल महाविद्यालय आणि व्हीजेटीआय असे शिक्षण घेऊन ते भाभा केंद्रात आले, १९७४ आणि १९९८ या दोन्ही चाचण्यांच्या कामात होते आणि पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले.

या नगराला लागून असलेल्या वस्तीचाही इतिहास आहे. भाभा केंद्राच्या विस्तारासाठी मानखुर्दची जनता कॉलनी ही मोठी झोपडवस्ती मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या काळात, हटवण्यात आली. तिथल्या हजारो कुटुंबांना ट्रॉम्बेजवळच्या चित्ता कॅम्पमध्ये नेण्यात आले. या विस्थापनाविरुद्ध लढणारे जॉकिन अर्पुथम पुढे राष्ट्रीय पातळीवरचे झोपडवासीयांचे नेते झाले. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अणुकार्यक्रमाची किंमत सांगताना ही कुटुंबेही जमेस धरायला हवीत.

नव्या धोक्यांची एक मोठी नोंद या नगरातल्या कार्यालयाशी जोडलेली आहे. न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशनने ३० ऑक्टोबर २०१९ रोजी मान्य केले, की कुडनकुलम वीज केंद्राच्या प्रशासकीय जाळ्यातल्या एका संगणकात घातक प्रणाली शिरली होती. अणुभट्टीचे नियंत्रण त्या जाळ्यापासून वेगळे असल्याने भट्टीला धोका पोचला नाही. दुसरा प्रसंग खुद्द मुंबईचा आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास महानगराची वीज गेली आणि लोकलगाड्या जागीच थांबल्या. चिनी हस्तकांनी भारताच्या वीजजाळ्यात शिरकाव केल्याचा एक परदेशी अहवाल २०२१ साली आला. राज्य सरकारने घातपाताची शक्यता बोलून दाखवली. केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक हे कारण सांगितले. धाकाच्या राजकारणात अशी संदिग्धता घातक ठरते. क्षेपणास्त्र कुठून सुटले हे रडारवर दिसते. वीज कोणी घालवली, की ती आपोआप गेली, हे कळायला महिने लागतात आणि कधी एकमत होतच नाही. उत्तर कोणाला द्यायचे हेच ठाऊक नसेल, तर धाक दाखवायचा तरी कोणाला?

ट्रॉम्बे : अप्सरेपासून पोखरणपर्यंत

अणुशक्तीनगरच्या पुढे भाभा केंद्राचे प्रवेशद्वार येते. ३ जानेवारी १९५४ रोजी ‘अणुऊर्जा प्रतिष्ठान, ट्रॉम्बे’ या नावाने केंद्राची सुरुवात झाली. पंडित नेहरूंनी २० जानेवारी १९५७ रोजी त्याचे औपचारिक उद्घाटन केले. त्याआधीच ४ ऑगस्ट १९५६ रोजी अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक इथे सुरू झाली होती. पाण्याच्या कुंडात बुडवलेल्या या भट्टीचे इंधन ब्रिटनने दिले. आरेखन आणि बांधणी भारतीय अभियंत्यांची होती. आज तिच्या जागी २ मेगावॉटची सुधारित अप्सरा आहे. ती सप्टेंबर २०१८ मध्ये कार्यान्वित झाली.

यानंतर आलेल्या सायरस भट्टीने इतिहास बदलला. कॅनडाने दिलेली आणि अमेरिकी जड पाण्यावर चालणारी ही ४० मेगावॉटची भट्टी १० जुलै १९६० रोजी सुरू झाली. नैसर्गिक युरेनियम भट्टीत जळते तेव्हा त्याच्या एका भागाचे प्लुटोनियम होते. वापरलेल्या इंधनातून ते रासायनिक प्रक्रियेने वेगळे काढता येते. तो प्लुटोनियम प्रकल्प ट्रॉम्बेतच उभा राहिला आणि लालबहादूर शास्त्रींनी २२ जानेवारी १९६५ रोजी त्याचे उद्घाटन केले. भट्टी शांततेसाठी वापरायची, असे करारात लिहिले होते. पण प्रत्यक्ष तपासणीची तरतूद ढिली होती. पुढल्या प्रत्येक करारात तपासणीचा आग्रह आला तो या अनुभवातून.

हा प्रकल्प तयार होत होता तेव्हाच, १६ ऑक्टोबर १९६४ रोजी, चीनने लोप नोर येथे पहिला अणुस्फोट केला. १९६२ च्या युद्धातल्या पराभवाची जखम ताजी होती. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री होते. चिनी स्फोटानंतर आठ दिवसांनी, २४ ऑक्टोबरला, भाभा आकाशवाणीवर बोलले. दहा किलोटनांच्या स्फोटाला साडेसतरा लाख रुपये लागतील, असा आकडा त्यांनी सांगितला आणि त्याच भाषणात संयुक्त राष्ट्रांमार्फत निःशस्त्रीकरणाची गरजही मांडली. क्षमता मिळवायची आणि संयमही मागायचा, ही भारताच्या अणुधोरणाची दुपेडी चाल तिथपासून दिसते. २४ जानेवारी १९६६ रोजी भाभा विमान अपघातात गेले. १२ जानेवारी १९६७ रोजी केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

१८ मे १९७४ रोजी सकाळी पोखरणला पहिली चाचणी झाली. होमी सेठना अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आणि राजा रामण्णा भाभा केंद्राचे संचालक. पी. के. अय्यंगार आणि राजगोपाल चिदंबरम रचनेच्या कामात अग्रभागी होते. प्लुटोनियम सायरसचे होते. भारताने या चाचणीला शांततामय अणुस्फोट म्हटले. कॅनडाने अणुसहकार्य थांबवले आणि परदेशी मदतीची दारे एकामागून एक मिटली. १०० मेगावॉटची ध्रुव भट्टी त्यामुळे संपूर्ण देशी बळावर बांधावी लागली. ती ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झाली.

दुसऱ्या वेळच्या चाचण्यांची सुरुवात उपनगरांच्या रस्त्यांवरच झाली. राज चेंगप्पा यांच्या ‘वेपन्स ऑफ पीस’ या पुस्तकातील तपशिलानुसार १ मे १९९८ च्या पहाटे लष्करी ट्रक ट्रॉम्बेहून मुंबई विमानतळावर आले आणि तिथून हवाई दलाच्या विमानाने अणुस्फोटके जैसलमेरला गेली. ११ आणि १३ मे रोजी पाच चाचण्या झाल्या. चिदंबरम तेव्हा आयोगाचे अध्यक्ष होते आणि काकोडकर भाभा केंद्राचे संचालक. मे महिना सरायच्या आत पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. भारताने पुढे स्वेच्छेने चाचण्या थांबवल्या, पण सर्वंकष चाचणी बंदी करारावर सही केली नाही. १९९८ चा औष्णिक-आण्विक (हायड्रोजन बॉम्बचा) स्फोट अपेक्षेइतका झाला नाही, असे डीआरडीओचे के. संथानम यांनी २००९ साली जाहीरपणे म्हटले. भाभा केंद्राने ते नाकारले. चाचणीबंदी पाळायची असेल, तर शस्त्राचा भरवसा संगणकावरच्या प्रतिरूपांवर ठेवावा लागतो, हे या वादातून पुढे आले.

धाकाचे गणित

अण्वस्त्रे वापरण्यासाठी नसून समोरच्याला ती वापरू न देण्यासाठी असतात, ही प्रतिरोधनाची मूळ कल्पना. पहिला घाव सोसूनही उलट घाव घालण्याची क्षमता उरेल, हे शत्रूला पटले पाहिजे. के. सुब्रह्मण्यम यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेला धोरणाचा मसुदा ऑगस्ट १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने धोरण जाहीर केले. किमान पण विश्वासार्ह प्रतिरोधन, अण्वस्त्रांचा प्रथम वापर नाही आणि हल्ला झाल्यास जबर प्रत्युत्तर हे त्याचे आधार आहेत. वापराचा आदेश फक्त पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषद देऊ शकते. भारतावर जैविक वा रासायनिक शस्त्रांचा मोठा हल्ला झाला, तर अण्वस्त्रांचा पर्याय खुला ठेवण्यात आला आहे.

प्रथम वापर करायचा नाही, तर घाव सोसल्यावरही काहीतरी शिल्लक राहिले पाहिजे. म्हणून पाणबुडी महत्त्वाची. भाभा केंद्राने विकसित केलेल्या भट्टीवर चालणारी ‘अरिहंत’ २०१६ साली नौदलात आली आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तिची पहिली प्रतिरोधन गस्त पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ‘अरिघात’ ही पाणबुडी ऑगस्ट २०२४ मध्ये दाखल झाली. त्याच वर्षी ११ मार्चला अग्नी-५ क्षेपणास्त्राची अनेक अण्वस्त्रे वाहून नेण्याची चाचणी झाली. पाकिस्तानने २०११ साली ‘नस्र’ या सुमारे ६० किलोमीटर पल्ल्याच्या क्षेपणास्त्राची चाचणी करून रणांगणावरच्या छोट्या अण्वस्त्राचा मार्ग धरला. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या अंदाजानुसार जानेवारी २०२५ मध्ये जगात सुमारे १२,२४१ अण्वस्त्रे होती. भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७०, चीनकडे किमान ६००. बाकी बहुतांश रशिया आणि अमेरिका यांच्याकडे.

विभाजनाची भिंत

ट्रॉम्बेच्या कुंपणाला २००५ नंतर आणखी एक अर्थ आला. १८ जुलै २००५ रोजी भारत–अमेरिका अणुसहकार्याची घोषणा झाली. मार्च २००६ च्या विभाजन आराखड्यात भारताने आपल्या २२ वीजभट्ट्यांपैकी १४ आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या तपासणीखाली आणण्याचे मान्य केले. भाभा केंद्र तपासणीबाहेर राहिले. बदल्यात सायरस भट्टी बंद करण्याचे ठरले आणि ती ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमची थांबली. अणुपुरवठादार गटाने ६ सप्टेंबर २००८ रोजी भारताला सूट दिली. नागरी आणि लष्करी कामांमध्ये अशी भिंत घातल्याने परदेशी युरेनियम आले आणि वीजभट्ट्या जोमाने चालू लागल्या. लष्करी बाजूला मात्र प्लुटोनियमची निर्मिती थांबवण्याचे बंधन आले नाही, ही टीका तेव्हाही झाली. ती रास्त आहे: अण्वस्त्रांसाठीच्या विखंडनशील पदार्थांची निर्मिती थांबवणारा जागतिक करार जिनिव्हात अजून वाटाघाटींपर्यंतही पोचलेला नाही.

कोळीवाडा आणि खाडी

चित्ता कॅम्प ओलांडला की ट्रॉम्बे गाव लागते. कोळीवाड्यात जाळी वाळत घातलेली असतात, वलांडीवर बोंबील टांगलेले असतात आणि धक्क्याला होड्या लागलेल्या असतात. खाडीचा उत्तर भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर स्थळांच्या यादीत आला. केंद्रालगतच्या पाण्यात मात्र होड्यांना मज्जाव आहे. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या बोटीतून टेकडीच्या पायथ्याशी भट्ट्यांचे घुमट दिसतात.

मुंबई बंदराच्या पलीकडे, अलिबागजवळच्या एका गावात, माजी नौदलप्रमुख ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास निवृत्तीनंतर राहिले. १९९८ नंतर त्यांनी अण्वस्त्रांना उघड विरोध केला आणि भारत–पाकिस्तान लोकसंवादासाठी काम केले. २००४ साली पाकिस्तानचे आय. ए. रेहमान आणि त्यांना संयुक्तपणे मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २०२४ साली त्यांचे निधन झाले. धाकाच्या बाजूची आणि त्याविरुद्धची अशी दोन्ही जबाबदार मते या एका बंदराच्या दोन काठांवर घडली.

आकसणारा वेळ

कराची ते मुंबई हवाई अंतर ९०० किलोमीटरच्या आसपास आहे. क्षेपणास्त्राला ते कापायला दहा मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. वर्सोव्याहून घाटकोपरला मेट्रोने जायला याच्या दुपटीने वेळ जातो. इशारा खरा की खोटा, हे ठरवायला याहूनही कमी मिनिटे उरतात. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत यंत्रणेने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव्ह या अधिकाऱ्याने तो खोटा ठरवला. त्याने यंत्रावर विश्वास ठेवला नाही म्हणून अनर्थ टळला. ९ मार्च २०२२ रोजी चुकून सुटलेले भारतीय क्षेपणास्त्र पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडले. ते निःशस्त्र होते, प्राणहानी झाली नाही आणि पाकिस्ताननेही संयम राखला. ताण शिगेला असता, तर हीच घटना वेगळी वाचली गेली असती.

हायपरसॉनिक क्षेपणास्त्रे वाटेत दिशा बदलतात, त्यामुळे लक्ष्य शेवटपर्यंत कळत नाही. काही क्षेपणास्त्रे साधे आणि आण्विक अशी दोन्ही शस्त्रे वाहू शकतात आणि येणारे कोणते हे समोरच्याला ओळखता येत नाही. कृत्रिम बुद्धिमत्ता इशाऱ्यांची छाननी झटपट करते, पण तिला शिकवायला खऱ्या अणुयुद्धाची माहिती उपलब्ध नाही आणि ती चुकली तर का चुकली हे सांगता येत नाही. वेळ कमी म्हणून यंत्राकडे निर्णय सोपवायचा मोह वाढतो, आणि यंत्र आले की समोरचाही घाई करतो.

महासत्तांमधले जुने लगाम याच काळात सुटले. १९७२ चा क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणांचा करार २००२ मध्ये संपला. १९८७ चा मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांचा करार ऑगस्ट २०१९ मध्ये मोडला. तैनात अण्वस्त्रांवर प्रत्येकी १,५५० ची मर्यादा घालणाऱ्या न्यू स्टार्ट करारातला सहभाग रशियाने २०२३ मध्ये स्थगित केला आणि त्याची मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतच होती. एक दिलासा नोव्हेंबर २०२४ चा: लिमा येथे जो बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्रांच्या वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा, यावर सहमती दर्शवली.

उरलेले काम

दक्षिण आशियात करावयाच्या गोष्टी स्पष्ट आहेत. २००५ च्या भारत–पाकिस्तान करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्र चाचणीची पूर्वसूचना दिली जाते. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात नाहीत आणि २०२२ ची घटना नेमकी त्याच प्रकारची होती. ती भर घालता येईल. १९८८ च्या कराराने अणुप्रकल्पाला हानी पोचवण्याच्या हेतूने केलेली कोणतीही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कृती वर्ज्य ठरवली आहे. हे शब्द संगणकी हल्ल्यालाही लागू होतात, अशी घोषणा दोन्ही सरकारांनी केली, तर नवा करार न करताही जुन्याची कक्षा रुंदावेल. आदेशाची साखळी यंत्राच्या हाती न देण्याचे वचन भारताने आपल्या धोरणात उघडपणे नोंदवावे. प्रथम वापर न करणाऱ्या देशाला घाई करण्याचे कारणच नाही, म्हणून हे वचन त्याला सर्वांत सहज पेलणारे आहे. चीनबरोबर अणुप्रकल्पांविषयी असा कोणताही करार भारताने केलेला नाही आणि मुंबईची वीज ज्या संशयात सापडली होती, तो संशय त्याच दिशेचा होता. त्या संवादाची सुरुवात व्हायला हवी. ट्रॉम्बेने देशाला धाक दाखवण्याची क्षमता दिली. त्याच्या कुंपणाबाहेरच्या लाखो लोकांचे रक्षण मात्र दर वर्षी एकमेकांना दिल्या जाणाऱ्या याद्या, तपासणीचे शिक्के, पूर्वसूचना आणि थांबून विचार करायला मिळणारी मिनिटे करतात. ती मिनिटे वाढवणे हे आजच्या शस्त्रनियंत्रणाचे पहिले काम आहे.